बाद नको, साखळी हवी

‘थर्ड क्लास’ ही आपल्याकडे शिवी आहे. सिनेमा थर्ड क्लास, हॉटेलातला चहा थर्ड क्लास, आणि आमच्या वेळी बी.ए.ला थर्ड क्लास मिळाला तर मुलाचे लग्न जमायची पंचाईत! गांधीजी रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाने देशभर फिरले, तरी त्या शब्दाची अब्रू काही वाढली नाही. पुढे रेल्वेने तिसरा वर्गच बंद केला. शिवी मात्र चालू राहिली.

परवा आमच्या भाचेजावयांनी ती फुटबॉलला लावली. मी यूट्यूबवर कोल्हापूरचा सामना बघत होतो. ते म्हणाले, “मामा, माद्रिद-मँचेस्टरचा फुटबॉल घरबसल्या दिसत असताना हे थर्ड क्लास काय बघत बसता?” जावई माणूस, त्यातून पानावर बसलेला, म्हणून मी गप्प बसलो. पण जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाच्या पोटात उत्तर राहिले की ते पचत नाही. म्हणून इथे लिहितो. (जावईबापू वाचतीलच. वाचावेच!)

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. ज्या मुलखात तिसऱ्या-चौथ्या पायरीवरचा, हौशी, गावचा आणि पेठेचा फुटबॉल महिनोन्‌महिने चालतो, त्या मुलखात खेळ जगतो. जिथे फक्त वरचा मजला बांधतात, तिथे तो मजला आज ना उद्या खाली येतो. आपण महाराष्ट्रात बरीच वर्षे फक्त वरचा मजला बांधत आलो. आणि खाली, शाळेत नि गावात, मुलांना एक सामना खेळवून घरी पाठवत आलो.

आधी जावईबापूंच्या लाडक्या युरोपातलेच उदाहरण घेऊ. आमचा एक पुतण्या बरीच वर्षे झुरिकजवळ राहतो. तो फोनवर तिथल्या फुटबॉलच्या गमती सांगतो, त्यावरून मी त्या देशाच्या लीगचे थोडे वाचन केले. स्वित्झर्लंड म्हणजे केवढा देश? लोकसंख्या नव्वद लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र सव्वाअकरा कोटींचा होता. आपल्या बाराव्या हिश्श्याएवढाही तो देश नाही. आणि तो २००६ पासून एकही विश्वचषक चुकलेला नाही! २०२१ च्या जून महिन्यात, युरोपच्या स्पर्धेत, त्यांनी जगज्जेत्या फ्रान्सला पेनल्टीवर घरी पाठवले.

या देशात ‘एर्स्ते लीगा’ नावाची एक लीग आहे. शब्दाचा अर्थ ‘पहिली लीग’. १९३१ साली ती सुरू झाली तेव्हा ती दुसऱ्या पायरीवर होती. १९४४ साली तिच्या डोक्यावर आणखी एक पायरी बसली आणि ती तिसरी झाली. २०१२ साली आणखी एक बसली आणि ती चौथी झाली. नाव अजून ‘पहिली’च! (हसू नका. आपल्याकडे ‘आय-लीग ३’ नावाची जी स्पर्धा २०२३-२४ पासून सुरू झाली, ती मोजायला गेलात तर चौथ्या पायरीवर येते. नावांच्या बाबतीत सगळे देश सारखेच.)

या लीगचे खेळाडू हौशी किंवा अर्धवेळ. म्हणून तिची रचनाही तशीच केलेली आहे. सगळ्या देशाची एक लीग न करता तिचे प्रदेशवार गट पाडलेले, म्हणजे रविवारी सामना खेळून माणूस सोमवारी कामावर हजर. हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो, बर्फ पडू लागला की थांबतो, वसंत आला की परत सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर संपतो. वरचे संघ वर चढायची धडपड करतात, तळचे संघ खाली घसरतात. तिच्याही खाली पायऱ्या आहेत, थेट खेड्यातल्या संघापर्यंत. मंडळी, यात चमकदार असे काहीही नाही. पण हे मधले-खालचे जिने तिथे काय काम करतात, ते बघा.

जिनिव्हाचा सर्व्हेत हा क्लब १८९० सालचा. देशाचे अजिंक्यपद सतरा वेळा जिंकलेला. फेब्रुवारी २००५ मध्ये या क्लबचे दिवाळे निघाले. आपल्याकडे असते तर त्याच दिवशी बोर्ड उतरला असता. तिथे काय झाले? नियमाप्रमाणे त्याला खाली ढकलले, सरळ तिसऱ्या पायरीवरच्या, हौशी संघांच्या लीगमध्ये. २००५-०६ चा आख्खा हंगाम सतरा वेळचा विजेता लहान गावांच्या मैदानांवर खेळला. त्या एका हंगामातच वर चढला. २०११ मध्ये परत सर्वांत वरच्या लीगमध्ये पोचला. मधे पुन्हा एकदा घसरला, पुन्हा चढला. २०२४ मध्ये त्याने स्विस कप जिंकला.

दुसरे उदाहरण न्यूशातेलच्या झामाक्स क्लबचे. १९८७ आणि १९८८ अशी लागोपाठ दोन वर्षे हे देशाचे विजेते. एका परदेशी धनिकाने क्लब विकत घेतला आणि वर्षभराच्या आत, जानेवारी २०१२ मध्ये, दिवाळे वाजले. क्लब थेट पाचव्या पायरीवर गेला. तिथून एकेक पायरी चढत २०१८ मध्ये वरच्या लीगमध्ये परतला. सहा वर्षे लागली, पण परतला. कारण पडायला खाली जमीन होती आणि चढायला जिना होता.

आता आपल्याकडे येऊ.

महिंद्र युनायटेड. १९६२ सालचा संघ. २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग याने जिंकली. २०१० साली बंद. पुणे एफसी २००७ साली निघाला, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला, २०१५ मध्ये आटोपला. भारत एफसी, पुण्याचाच, २०१५ मध्ये एक हंगाम खेळला आणि गेला. मुंबई एफसी २००७ ते २०१७. डीएसके शिवाजीयन्स आय-लीगमध्ये दोन हंगाम, २०१७ पर्यंत. एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर गाजतवाजत आला आणि २०१९ मध्ये विसर्जित झाला. त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला, आणि २०२५ मध्ये तो हैदराबादचा संघही गाशा गुंडाळून दिल्लीला गेला.

मोजा. २०१० ते २०१९ या दहा वर्षांत महाराष्ट्रातले सहा संघ गेले. प्रत्येकाची कारणे वेगळी असतील, हिशेब वेगळे असतील. पण एक गोष्ट सहाही ठिकाणी सारखी. मालकाचा निर्णय झाला आणि संघ संपला. खाली घसरून पुन्हा चढण्याची, सर्व्हेतसारखी, सोय नव्हती. आणि घसरले असते तरी ‘आमचा संघ आहे, आम्ही चालवू’ असे म्हणणारी पेठ, गल्ली, गाव त्यांच्या मागे नव्हते. मी त्या मालकांना दोष देत नाही. त्यांनी पैसा ओतला, चांगले खेळाडू आणले, हेही खरे. पण कंपनी ताळेबंद बघणारच. ताळेबंदावर उभा केलेला खेळ ताळेबंदानेच झोपतो. मुंबईत हे आपण आधीही पाहिले होते. मफतलाल, ओर्के मिल्स हे संघ कूपरेज गाजवत होते ते दिवस आमच्या पिढीला आठवतात. आज ते संघ कुठे आहेत?

आणि वरच्या मजल्याचे म्हणाल तर तोही डुगडुगतो. राष्ट्रीय महासंघाने २०१० साली पंधरा वर्षांचा एक व्यापारी करार केला. त्याची मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होती. पुढच्याचे काही ठरेना, म्हणून जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा हंगामच स्थगित झाला. देशातल्या सर्वांत वरच्या लीगचे खेळाडू ‘आम्हाला खेळू द्या’ म्हणून विनवण्या करत बसले! शेवटी फेब्रुवारी २०२६ मध्ये आखूड हंगाम सुरू झाला. ज्या लीगच्या पहिल्या अकरा हंगामांत एकही संघ खाली घसरला नाही, ती लीगच एका कागदापायी थांबली.

याउलट कोल्हापूर.

मी बी.ए. कोल्हापुरात केले. मामांकडे राहत होतो, शिवाजी पेठेत. त्यामुळे या विषयात मी तटस्थ आहे असे म्हणणार नाही! कोल्हापूरच्या फुटबॉलला शंभर जणांनी नावे ठेवली तरी त्यांच्यातले किती जण तिथल्या तालमीची घडण जाणतात, हा प्रश्नच आहे. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले, पेठापेठांतून तालमी होत्याच. याच तालमींनी पुढे फुटबॉलही आपला मानला. म्हणून तिथल्या संघांची नावे बघा : पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ... यांत कुणाही उद्योगपतीचे नाव नाही, सिमेंटचे नाही, मोबाइलचे नाही. तालमीत गणपती बसतो, मोहरमचे पंजेही बसतात, आणि त्याच तालमीचा फुटबॉलचा संघ. मालक कोण? पेठ. पेठेला दिवाळखोरीचा अर्ज करता येत नाही.

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, ही लीग चालवते. वरच्या गटात सोळा संघ, त्याखाली आणखी गट, चढणे-घसरणे आहे. पावसाळा सरून थंडी पडू लागली की राजर्षी शाहू स्टेडियमवर हंगाम सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. आधी लीग, मग निरनिराळे चषक. दुपारी एक सामना, उन्हे कलल्यावर दुसरा. बँकेतला माणूस अर्ध्या रजेचा अर्ज टाकून येतो, भाजीवाला गाडी शेजाऱ्याच्या हवाली करून येतो. आमच्या कॉलेजच्या दिवसांत मामा मला घेऊन पायऱ्यांवर बसत. आमची पेठ हरली की मी तोंड पाडायचो. मामा म्हणायचे, “आरं, हरला म्हनून काय झालं? फुडचा सामना हाय की!”

या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहितोय. ‘पुढचा सामना आहे की!’ हे वाक्य साखळी स्पर्धेतच बोलता येते. बाद स्पर्धेत ते बोलता येत नाही.

शाळांच्या स्पर्धांचे सांगतो, मला त्याचा पस्तीस वर्षांचा अनुभव आहे. शालेय क्रीडा स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात, आणि जातात त्या बहुतेक बाद पद्धतीने. मुले जूनपासून सराव करतात. शाळा सुटल्यावर, चिखलात, कुणाच्या पायात बूट, कुणी अनवाणी. मग तालुक्याचा दिवस उजाडतो. टेम्पोतून जातात. पहिला सामना, अर्ध्या-पाऊण तासाचा. एक गोल बसला. संपले. वर्ष संपले! दुपारी बारा वाजता डबे उघडून खातात आणि परत येतात. वर्षभरातला त्यांचा फुटबॉल एवढाच. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला आपण काय शिकवले? की एकदा चुकलास की तू बाद. मला सांगा, गणिताच्या पहिल्या चाचणीत नापास झालेल्या मुलाला जूनमध्येच शाळेतून काढून टाकतो का आपण? मग मैदानावर का काढतो?

एक साधे गणित मांडतो (मी भाषेचा मास्तर, पण एवढे येते). आठ संघ घ्या. बाद पद्धतीने खेळवा. एकूण सामने सात. चार संघ एकच सामना खेळून घरी, म्हणजे निम्मी मुले पहिल्याच सकाळी मोकळी. आता तेच आठ संघ साखळीने खेळवा. प्रत्येकाशी एकदा धरला तरी अठ्ठावीस सामने, प्रत्येक संघाला सात. प्रत्येकाशी दोनदा, एकदा आपल्या गावात, एकदा त्यांच्या, तर छप्पन सामने, प्रत्येकाला चौदा. संघ तेवढेच, चेंडू तेवढेच, मुले तीच. बदलते ते एवढेच की सगळ्यात दुबळा संघसुद्धा चौदा रविवार मैदानावर येतो. आणि पहिल्या रविवारी पाच गोलांनी हरलेला संघ चौदाव्या रविवारी कसा खेळतो, ते ज्याने पाहिले आहे, तो ‘थर्ड क्लास’ शब्द तोंडातून काढायच्या आधी विचार करील.

यावर लोक काय म्हणतात ते मला पाठ आहे. एकेक घेतो.

पहिला आक्षेप, दर्जा नाही. बरोबर, नाही! पेठेतला मुलगा दिवसभर वडिलांच्या दुकानात उभा राहून किंवा एमआयडीसीत पाळी करून मैदानावर येतो. त्याच्याकडून माद्रिदचा खेळ कसा मिळेल? पण दर्जा येतो कुठून? २०१७ साली १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. फिफाच्या कुठल्याही विश्वचषकात भारताचा संघ उतरण्याची ती पहिलीच वेळ. त्या संघात अनिकेत जाधव होता, कोल्हापूरचा. ज्या शहरात लहान पोरे तालमीच्या खेळाडूंना नावानिशी ओळखतात, त्याच शहरातून असा मुलगा निघतो. विहिरीला पाणी लागते ते तळाशी.

दुसरा आक्षेप, हुल्लडबाजी. हेही खोटे नाही. कोल्हापुरात समर्थकांच्या मारामाऱ्या झाल्या आहेत, दगड आले आहेत, सामने थांबले आहेत. मला याची लाज वाटते आणि कोल्हापूरकरांनाही वाटायला हवी. ईर्ष्या ही मिठासारखी, चिमूटभर असेल तर चव, मूठभर झाली तर घास थुंकावा लागतो. पण यावर उपाय काय? दंगा करणाऱ्याला शोधा, त्याला मैदानाचे दार बंद करा, त्याच्या संघाचे गुण कापा, एक-दोन सामने रिकाम्या पायऱ्यांसमोर खेळवा. आख्खा हंगाम बंद करायची भाषा मात्र करू नका. वर्गात दोन मुलांनी दंगा केला म्हणून शाळेला कुलूप लावणाऱ्या मुख्याध्यापकाला आपण शहाणा म्हणू का?

तिसरा आक्षेप जरा वेगळ्या बाजूने येतो आणि तो मला जास्त टोचतो, कारण तो तालमींवर आहे. आता तालमीही बाहेरचे खेळाडू आणतात, नायजेरियातूनसुद्धा. पैसा वाढला, चषकांच्या बक्षिसांच्या रकमा वाढल्या, नेत्यांची नावे लागली. परदेशी मुलगा येऊन आपल्या पोरांबरोबर खेळला तर मला आनंदच आहे, आपली मुले त्याच्याकडून शिकतात. पण पेठेतला मुलगा बाकावर आणि विकत आणलेला मैदानावर, असे झाले की मग पेठेचा संघ आणि कंपनीचा संघ यांत फरक तो काय राहिला? तालमीच्या कारभाऱ्यांना हात जोडून सांगावेसे वाटते : तुम्ही टिकलात ते तुमच्याकडे पैसा नव्हता म्हणून. तो आल्यावर घसरू नका. ज्या वाटेने ते सहा संघ गेले, त्या वाटेचा पहिला मैल फार गुळगुळीत असतो.

चौथा आक्षेप, हौशी खेळाडूचे पुढे काय? नोकरी कुठे, भवितव्य कुठे? या प्रश्नात तथ्य आहे, पण तो हौशी खेळाडूला विचारायचा नाही, वर बसलेल्यांना विचारायचा. पेठेतून निघून देशाच्या लीगपर्यंत जायला संघाला जिना आहे का? कागदावर आहे. आय-लीग ३ मधून वर जाता येते, बंगालमधला डायमंड हार्बरचा संघ तसा एकेक पायरी चढून गेलाही. पण परवाना, प्रवास, मुक्काम, मैदानाच्या अटी, हा सगळा खर्च पेठेतल्या वर्गणीच्या संघाने आणायचा कुठून? स्वित्झर्लंडने खालच्या लीगचे प्रदेशवार गट पाडले ते एवढ्याचसाठी, की हौशी माणसाला प्रवासाने मारू नये. आपल्या राज्यातही तसे करता येईल. कोल्हापूर-सांगली-साताऱ्याचा एक गट, पुणे-नगर-सोलापूरचा एक, कोकण-मुंबईचा एक, नागपूर-अमरावतीचा एक. चारही विजेते शेवटी एकमेकांशी भिडतील. यासाठी नवे स्टेडियम लागत नाही. लागते ते वेळापत्रक, पंच, आणि दरवर्षी त्याच तारखेला सुरू करायची सवय.

आता आमच्या पनवेल तालुक्याबद्दल लिहितो, कारण कोल्हापूरचे कौतुक करून हात झटकणे सोपे आहे.

कर्नाळ्याहून नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम रस्ता मोकळा असेल तर तासाभरावर. ६ ऑक्टोबर २०१७ ला त्याच कुमारांच्या विश्वचषकाचा सामना पहिल्या दिवशी तिथे झाला. ३० ऑक्टोबर २०२२ ला मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाची अंतिम लढत तिथेच झाली, स्पेनने कोलंबियाला हरवले. जगाचा फुटबॉल आमच्या दारात येऊन गेला! त्याच २०१७ मध्ये, १५ सप्टेंबरला, राज्य सरकारने ‘मिशन वन मिलियन’ म्हणून एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचा कार्यक्रम केला. शाळाशाळांतून चेंडू वाटले. उत्साह मोठा होता, मीही मुलांबरोबर फोटोत उभा राहिलो. पण १६ सप्टेंबरला काय? चेंडू वाटले, वेळापत्रक वाटले नाही. मैदान तर नाहीच नाही.

मैदानाचे दुखणे तर विचारूच नका. माझ्या माहितीतल्या एका शाळेचे (नाव घेत नाही) मैदान डिसेंबर ते मे लग्नांना भाड्याने जाते. खेळायचे नेमके तेच महिने. सोमवारी मुले येतात तेव्हा मैदानात खिळे, प्लास्टिकचे ग्लास आणि मंडपाच्या खांबांचे खड्डे. संस्थेला पैसा लागतो, मान्य. पण मग मुलांना ‘मोबाइल बघता’ म्हणून रागावण्याचा अधिकार आपल्याला राहिला आहे का?

आणि आमच्याकडे खेळ नाही असेही नाही. रायगडात कबड्डी गावोगाव आहे, भातकापणी झाली की मोकळ्या शेतात टेनिस चेंडूचे क्रिकेट सुरू होते. पण सगळे चषक! दोन दिवसांचे, एका रात्रीचे. प्रखर दिवे, भोंगे, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण, बक्षिसाला मोटारसायकल, पाहुण्यांचे सत्कार सामन्यापेक्षा लांब. निवडणुकीचे वर्ष आले की चषकांना नुसती पालवी फुटते. सोमवारी सकाळी शेतात उरतात ते बांबू. पहिल्याच फेरीत हरलेला आमच्या गावचा संघ पुढचा चषक लागेपर्यंत मोकळा. आमच्या गावच्या मुलींना तर तेवढेही नाही. ज्या तालुक्याच्या शेजारी मुलींचा विश्वचषक संपला, तिथल्या मुली दहावीनंतर कुठे खेळतात? हा प्रश्न कुठल्याही व्यासपीठावरून विचारा, सत्कार पुढे सरकतात.

म्हणून मी एक साधी मागणी करतो. आमच्या भागातली आठ गावे घ्या : कर्नाळा, शिरढोण, चिंचवण, तारा, पळस्पे, आपटा, बारापाडा, कल्हे. फुटबॉल घ्या, कबड्डी घ्या, माझा आग्रह नाही, पण साखळीने खेळवा. भात निघाले की डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सुरू करा. दर रविवारी चार सामने, चौदा रविवार. मार्चच्या सुरुवातीला संपते, दहावीच्या परीक्षेचे वर्ष असलेल्यांना पाळीपाळीने सुट्टी द्या. गुणतक्ता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहा. तो खडू मी आणून देतो, हवे तर तक्ताही मी लिहितो, अक्षर अजून चांगले आहे! बक्षीस म्हणून मोटारसायकल ठेवू नका. तेवढ्या पैशात आठही गावांना जाळी, चेंडू आणि पंचाचे मानधन येईल. आणि मुलींची साखळी त्याच मैदानावर, त्याच रविवारी, सकाळच्या वेळेला.

‘हे कोण करणार?’ असे विचारू नका. ज्या गावांत वर्गणी काढून सप्ताह होतो, जत्रा होते, गणपती बसतो, त्या गावांना चौदा रविवार जमणार नाहीत असे मी मानत नाही. कोल्हापूरच्या पेठांना जमते, ती काही वेगळ्या मातीची माणसे नाहीत.

आणि तुम्हा वाचकांना, विशेषतः नात्यातल्या तरुण मंडळींना सांगणे एवढेच. माद्रिद बघा, मी नको म्हणत नाही, रात्री जागून मीही बघतो. पण महिन्यातून एकदा आपल्या गावातला, वॉर्डातला, शाळेतला सामना उभे राहून बघा. खेळणाऱ्या पोराला नावाने हाक मारा. हरला तर घरी जाता जाता एक वाक्य त्याच्या कानावर घाला, पुढचा सामना आहे की. आणि पुढचा सामना ठेवलेलाच नसेल, तर तो का ठेवला नाही हे ज्यांना विचारायचे, त्यांना त्याच संध्याकाळी विचारा.